सायकल टाकून बसलेला मुलगा: एका सायकलवाटेवरच्या स्वागताचं प्रकरण

या लिखाणात गावाचं नाव नाही आणि माणसाचंही नाही. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना आपलं नाव छापलेलं आवडत नाही, आणि गाव एवढंसं आहे की गाव सांगितलं म्हणजे माणूस सांगितल्यासारखंच. अमेरिकेतल्या एका सायकलवाटेवर येणाऱ्या प्रवाशांचं स्वागत करणारे हे गृहस्थ. मी त्यांना तात्या म्हणते. बार्शीला माझ्या आजोळी समोरच्या घरात एक तात्या होते. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचे. या अमेरिकन म्हाताऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तेच डोळ्यांसमोर आले.

वाट मात्र नावानिशी सांगते. ग्रेट ॲलेगेनी पॅसेज. पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत १५० मैल, म्हणजे साधारण २४० किलोमीटर. मोटारी नाहीत, फक्त चालणारे आणि सायकलवाले. कंबरलंडला ही वाट सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याच्या जुन्या काठवाटेला मिळते, आणि तिथून पुढे १८४.५ मैलांवर वॉशिंग्टन. जगभरातले लोक हे सगळं अंतर सायकलनं करायला येतात.

या वाटेचा डोंगरातला मोठा टप्पा म्हणजे एकेकाळचा रेल्वेमार्ग. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेनं कंबरलंड ते कॉनेल्सव्हिल हा फाटा १९१२ साली सुरू केला. पुढे ही कंपनी आणि तिची जुनी स्पर्धक बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वे एकाच छत्राखाली आल्या. नदीच्या दोन्ही काठांनी, त्याच गावांमधून जाणारे दोन मार्ग सांभाळण्यात अर्थ उरला नाही, आणि १९७५ मध्ये वेस्टर्न मेरीलँडचा मार्ग बंद झाला. सायकलवाटेचा पहिला तुकडा ओहायोपाइलजवळ १९८६ साली खुला झाला आणि पिट्सबर्गच्या टोकापर्यंत वाट पोहोचली ती २०१३ मध्ये. सत्तावीस वर्षं तुकड्याला तुकडा जोडत गेलेलं हे काम आहे, आणि त्यात गावोगावच्या स्थानिक मंडळांचे आणि स्वयंसेवकांचे हात फार आहेत. पलीकडच्या काठावरून आजही मालगाड्या जातात. रात्री तंबूत झोपलेल्या माणसाला त्यांचा खडखडाट ऐकू येतो.

या प्रकरणात रेल्वेच्या चढाला महत्त्व आहे, म्हणून दोन वाक्यं त्यावर. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून असा मार्ग डोंगर चढतो तो चोरपावलांनी. कंबरलंडकडून येणारा चढ निदान अंगावर येतो, पण पिट्सबर्गकडून येणाऱ्याला कित्येक मैल आपण चढतोय हे कळतसुद्धा नाही. डोळ्यांना वाट सपाट दिसते. पाय दुखायला लागतात, आणि माणसाला वाटतं आपलीच ताकद कमी पडतेय. खरं तर तो २,३९२ फुटांवरच्या ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइडकडे, म्हणजे एका बाजूचं पाणी अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूचं मेक्सिकोच्या आखाताकडे वाटणाऱ्या माथ्याकडे, चढत असतो.

तात्यांचं गाव याच चढावर आहे.

खोली आणि खुर्ची

वाटेला लागून, प्रवाशांच्या स्वागतासाठी एक लहान लाकडी खोली. आत नकाशे, दोन बाकं, स्वच्छतागृह, दानपेटी. बाहेर पाण्याचा नळ, साखळीनं बांधलेला हवेचा पंप, आणि दाराशेजारी हिरव्या पत्र्याची खुर्ची. एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी नऊला खोली उघडायची, पाचला बंद व्हायची. आठवड्यातले सहा दिवस तात्या. हे अकरा वर्षं चाललं. त्याआधी ते शाळेची बस चालवायचे.

मी पिट्सबर्गला राहते, ग्रंथालयात काम करते. पहिल्यांदा तिथे पोहोचले ती पंक्चर झालेलं चाक ढकलत, घामाघूम, स्वतःवरच चिडलेली. तात्या उठले, सायकल माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "आधी पाणी पी. चाक काही पळून जात नाही." चाकाकडे त्यांनी दहा मिनिटं पाहिलंही नाही. मी बसले, पाणी प्याले, श्वास जागेवर आला, मग म्हणाले, "हं, आता तू काढ ट्यूब, मी धरतो." पंक्चर मीच काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. पुढच्या वर्षी मी महिन्यातून दोन शनिवार तिथे मदतीला जायला लागले.

बाजूला बसून त्यांना पाहताना हळूहळू लक्षात आलं की ते आधी माणसाकडे बघत नाहीत, सायकलीकडे बघतात. आमच्या वाटेवर चुनखडीची बारीक खडी आहे, कोरड्या दिवसात तिची पांढुरकी राखाडी धूळ चाकांवर बसते. कालव्याच्या काठची वाट मातीची, पाऊस झाला की तिचा तपकिरी चिखल मडगार्डाखाली गच्च वाळून बसतो. त्यामुळे कोण पिट्सबर्गकडून आलं आणि कोण वॉशिंग्टनकडून, हे तात्यांना तोंड उघडायच्या आधीच कळायचं. चिखलवाल्याला ते जेवणाचं विचारत नसत, आधी पाण्याची नळी हातात देत.

भिंतीवर जगाचा नकाशा होता, आलेल्यांनी आपापल्या गावी टाचणी लावायची. पुण्याला आधीच एक टाचणी होती. बार्शी नकाशावर छापलेलीच नव्हती, म्हणून मी सोलापूरच्या थोडं वर अंदाजानं लावली. तात्यांनी चष्मा सरसावून विचारलं, तिथे रेल्वे आहे का? मी त्यांना बार्शी लाईटची गोष्ट सांगितली. १८९७ पासून धावलेली, अडीच फुटी रुळांची ती गाडी, जिनं पिढ्यान्‌पिढ्या वारकरी वाहिले, आणि आता तिच्या जागी आलेली ब्रॉडगेज. ते ऐकत राहिले, आणि पुढे महिनाभर येईल त्याला बार्शीची टाचणी दाखवत होते.

सगळ्या गावाचा त्यांच्यावर जीव. मंडळानं त्यांना मानपत्र दिलं, मुलांनी त्यांचं चित्र काढून खोलीत लावलं, परत येणारे प्रवासी त्यांच्यासाठी खाऊ घेऊन यायचे. आणि प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा: "त्यांचा स्वभावच तसा आहे."

माझ्या मते हे प्रकरण घडलं ते या वाक्यामुळे. स्वभाव म्हटलं की विषय संपतो. स्वभाव शिकता येत नाही, शिकवता येत नाही, त्याचा बदली माणूस शोधायचा नसतो. अकरा वर्षांत एकदाही कोणी त्यांच्याशेजारी वही घेऊन बसलं नाही. मीही नाही, आणि मी तर माहिती जपून ठेवण्याचाच पगार घेते.

त्यांच्या बाजूनंही काही गोष्टी होत्या, त्या सांगायला हव्यात. किल्ली एकच होती आणि ती त्यांच्या खिशात. दुसऱ्या कोणी उघडतो म्हटलं तर "कशाला, मी आहे ना" म्हणायचे. त्यांनी कधी एक ओळ लिहून ठेवली नाही. आणि जेवायला ते प्रत्येकाला एकाच खाणावळीत पाठवायचे, कारण मालक त्यांचा शाळेतला मित्र. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बेकरी चालवणाऱ्या बाईंना याचं मनापासून वाईट वाटायचं. त्या बोलून दाखवत नसत. एवढ्या चांगल्या माणसाविरुद्ध बोलणार तरी कसं?

खुर्ची रिकामी झाली

मार्चमध्ये कळलं की तात्यांच्या खुब्याचा सांधा बदलायचा आहे. शस्त्रक्रिया एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे नेमकी मोसमाच्या तोंडावर. डॉक्टरांनी तीन महिने जड उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही असं बजावलं होतं.

मंडळाची बैठक झाली. दोन बाजू होत्या. काही जण म्हणाले, आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, एक फलक लावा, त्यावर स्कॅन करायचा कोड आणि फोन नंबर द्या, पुरे. इतरांचं म्हणणं होतं की माणूस हवाच. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. आम्ही चौघं तयार झालो: मी, एक निवृत्त परिचारिका, कॉलेजात शिकणारा एक मुलगा, आणि मंडळाचे खजिनदार. माहितीपत्रक करायचं माझ्याकडे आलं. मी ते जीव ओतून केलं. पुढच्या-मागच्या गावांची अंतरं, मुक्कामाच्या जागा, पाणी कुठे, सामान कुठे, हिवाळ्यात बिग सॅव्हेज बोगदा बंद असतो ही सूचना. त्या ३,२९४ फुटी बोगद्याचे दरवाजे थंडीत लावून घेतात, आणि ज्याला हे माहीत नाही तो आडवाटेला लागतो. वाटेच्या रकान्यात मी लिहिलं होतं: "जवळपास सपाट." सगळेच असं म्हणतात.

कोडाचा फलक पहिल्याच आठवड्यात निरुपयोगी ठरला. या खोऱ्यात कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंजच नसते.

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. दुपारी तीनच्या सुमारास एक वडील आणि त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा आले. चाकांवर पांढरी धूळ. वडिलांनी सायकल भिंतीला नीट टेकवली. मुलगा उतरला, सायकल तशीच गवतावर पडू दिली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसला. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. मी हे सगळं पाहिलं. आजही मला त्या हेल्मेटवरचे डायनासोरचे स्टिकर आठवतात.

वडिलांनी विचारलं, "पुढच्या मुक्कामाचं गाव किती लांब?" मी पत्रक दिलं, अंतर दाखवलं. "रस्ता कसा आहे?" "जवळपास सपाट." ते म्हणाले, मग अंधाराच्या आत सहज होईल. पाणी भरून घेतलं, आभार मानले आणि निघाले. मी त्यांना एकही चुकीचा आकडा दिला नव्हता.

पाचनंतर पाऊस आला. मुलानं मध्येच सायकल थांबवली आणि पुढे यायला साफ नकार दिला. मोबाइलला रेंज नव्हती. वडिलांनी एक सायकल ढकलत, दुसरी ओढत कसंबसं अंतर कापलं. शेवटी कुत्रा फिरवायला निघालेल्या एका बाईंना ते दिसले. तिनं नवऱ्याला बोलावून ट्रकमधून दोघांना गावात आणलं. कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आभार मानायला खोलीवर आले आणि शांतपणे एवढंच म्हणाले, "तो रस्ता सपाट नाहीये." मी त्या दिवशी तिथे नव्हते. परिचारिका बाईंनी मला फोनवर सांगितलं, आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

वही

पुढच्या शनिवारी खोली बंद करून मी तात्यांच्या घरी गेले. ते वॉकर घेऊन दारापर्यंत आले. मी सगळं सांगितलं. पत्रकातली चूक सांगितली, चढाचा आकडा द्यायला हवा होता हे सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग विचारलं, "मुलानं सायकल कशी ठेवली?"

"टाकली. गवतात."

"मग तो पोचला होता," तात्या म्हणाले. "त्याचा आजचा प्रवास तिथेच संपला होता. बापाचा संपला नव्हता, एवढंच."

मी पर्समधून वही काढली. त्यानंतर सात शनिवार मी जात राहिले. ते नियम सांगत नसत, त्यांना नियम सांगता येतच नव्हते. "कधी कोणाला थांबवलंत?" असं विचारलं की एखादा माणूस आठवायचा आणि त्या माणसात सगळं यायचं. आलेल्याला "तुम्ही कुठले?" हे आधी विचारायचं नाही, "आज कुठून निघालात?" हे आधी. पहिल्या प्रश्नाला माणूस अभिमानानं उत्तर देतो, दुसऱ्याला थकवा बोलतो. मग "रात्री कुठे?" हा प्रश्न. या दोन उत्तरांच्या मधलं अंतर आपण मनात मोजायचं, त्याच्यावर सोडायचं नाही. जोडपं असेल तर नकाशा एकाच्याच हातात असतो. विचारायचं दुसऱ्याला. न विचारता "मी ठीक आहे" म्हणणारा ठीक नसतो. बाकावर बसताना जपून बसणाऱ्याच्या सायकलीची सीट चुकीच्या उंचीवर असते. ज्याला कंबरलंडहून संध्याकाळची गाडी गाठायची आहे त्याला गोष्टी सांगत बसायचं नाही, गाडीत सायकलीची जागा राखून ठेवली आहे का एवढं विचारायचं आणि सोडायचं.

"आणि त्या मुलाला तुम्ही काय म्हणाला असता?" मी एकदा विचारलं. म्हणाले, त्याला काहीच नाही. बापाला म्हणालो असतो की चेन जरा आवाज करतेय, अर्धा तास थांबा, मी बघतो. अर्ध्या तासात बापाला पोराकडे बघायला वेळ मिळाला असता. निर्णय त्याचा त्यानंच घेतला असता.

"आज कुठून निघालात?" हा प्रश्न वहीत लिहिताना माझा हात थांबला होता. मराठवाड्यातून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या बार्शीवरून जात तेव्हा माझी आजी दारात घागर आणि ओगराळं घेऊन उभी असायची. ओंजळीत पाणी सोडता सोडता विचारायची, "कुठनं निघालाव माउली?" गाव विचारायची नाही. सकाळपासून किती चालून आलास, हेच तिला हवं असायचं. एखादीचे पाय पाहून तिनं तिला तिथेच बसवून घेतल्याचं मला आठवतं. आम्ही तिलासुद्धा स्वभावानं प्रेमळ म्हणत आलो.

वहीचं पुढे काय झालं हे सांगायला हवं, कारण ते सरळ झालं नाही. मी प्रश्नांची यादी छापून चौघांना दिली. खजिनदारांनी ती जशीच्या तशी, क्रमानं विचारायला सुरुवात केली, आणि लोक बिचकायला लागले. चौकशी नाक्यावर उभं असल्यासारखं वाटायचं. यादी आम्ही परत घेतली. त्याऐवजी प्रत्येकानं महिन्यातून एकदा तात्यांच्या घरी जाऊन त्या आठवड्यातली एक गाठभेट सांगायची आणि त्यांनी "मग तू काय बघितलंस?" असं विचारायचं, असा शिरस्ता पडला. यातून लोक तयार झाले.

चौघंही तात्यांसारखे झाले नाहीत, आणि तसं व्हायचं कारण नव्हतं. परिचारिका बाई हात बघतात. हँडलवर तासन्‌तास भार टाकून बोटं बधिर झालेल्यांना त्या बसवून ठेवतात. कॉलेजचा मुलगा मितभाषी, अनोळखी माणसाशी त्याला बोलता येत नाही. त्यानं घरून हत्यारं आणली, बाहेर एक स्टँड लावला, आणि गुपचूप ब्रेक, गिअर बघत राहतो. गंमत अशी की लोक त्याच्याशेजारी बसून आपणहून सगळं सांगतात, कुठून निघालो ते कुठे दुखतंय इथपर्यंत. हे तात्यांनाही कधी सुचलं नव्हतं. खजिनदारांनी आता खोलीत बसणं सोडलं, ते मुक्कामाच्या जागांना फोन करून रोज संध्याकाळी किती खोल्या रिकाम्या आहेत ते फळ्यावर लिहितात. वडील आणि मुलगा आले त्या दिवशी असा फळा असता तर आमच्याच गावात खोली होती.

पत्रकातून "जवळपास सपाट" गेलं. आता तिथे लिहिलंय: "पूर्वेकडे सतत चढ. दिसत नाही, पण आहे."

ऑगस्टपासून

तात्या ऑगस्टमध्ये परतले. रोज दोन तास, फक्त खुर्चीत. पहिले काही दिवस अवघड गेले. सगळे त्यांच्याकडेच जायचे, आणि आत बसलेल्या माणसाला काही काम उरायचं नाही. परिचारिका बाई एकदा रागानं लवकर निघून गेल्या. त्यानंतर तात्यांनी काय केलं, तर खुर्ची दारापासून हलवून नळाजवळ नेली. पाणी ते दाखवतात, बाकीचं म्हणतात, "आत ताई आहेत, त्यांना विचारा." अकरा वर्षं "मी आहे ना" म्हणणाऱ्या माणसाला हे सोपं गेलं नसणार. मी त्यांना तसं विचारलं नाही.

किल्ल्या आता तीन आहेत. खाणावळीबरोबर बेकरीचंही नाव फळ्यावर आहे, आणि सकाळी लवकर निघणाऱ्यांना आम्ही तिकडेच पाठवतो, कारण ती सहाला उघडते आणि खाणावळ आठला. ही साधी गोष्ट इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती.

येत्या मोसमाचं वेळापत्रक परवाच लावलं. रविवार दुपार सोडून सगळे रकाने भरलेत. एक आड एक रविवारी मी माझं नाव घातलंय, पिट्सबर्गहून सकाळी निघून मला जमण्यासारखं आहे. उरलेल्या रविवारांसाठी बेकरीवाल्या बाईंशी बोलणं चालू आहे. त्या म्हणाल्या, दुकान दोनला बंद करते, मग येईन, पण आधी चार-पाच वेळा नुसती बसून बघेन. तात्यांनी नळाजवळ दुसरी खुर्ची ठेवली आहे.